युनियनच्या लेटरहेडवर उमेदवाराला पाठिंबा: सभासदांना विचारायला नको का?

जगबुडीकाठचा
मंडळी, जरा लांबण लागेल पण पूर्ण वाचा. मी लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. कंपनीचं, युनियनचं, उमेदवाराचं, पक्षाचं, कुणाचंच नाव घेणार नाही कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये, मुद्दा वेगळा आहे. आमची युनियन स्वतंत्र, कुठल्याही पक्षाची नाही, हे आम्ही नवीन पोरांना पावती फाडतानाच सांगत आलो. गेटसभेत अध्यक्ष दरवेळी म्हणायचे, घरावर कुठलाही झेंडा लावा, गेटवर झेंडा एकच. आणि या निवडणुकीत प्रचार संपत आला तेव्हा फर्स्ट शिफ्टला आलो तर गेटसमोर फ्लेक्स, युनियनच्या नावाने एका उमेदवाराला जाहीर पाठिंबा, खाली कमिटीतल्या सगळ्यांचे फोटो. दुपारपर्यंत लेटरहेडवरचं पत्र व्हॉट्सअपवर फिरलं, अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या आणि खाली लिहिलेलं ‘सर्व सभासदांच्या वतीने’.

सर्व सभासद म्हणजे कोण? सभा झाली नाही, ठराव झाला नाही, नोटीस बोर्डावर चिठ्ठीसुद्धा नाही. आमच्यात निम्मे लोक दुसऱ्या बाजूचे आहेत, त्यातले काही तर त्यांच्या गावात दुसऱ्या उमेदवाराचे बूथ सांभाळत होते, त्यांच्या वतीने सही करायचा अधिकार यांना कुणी दिला?

आता कँटीनमध्ये दोन टोकांना दोन पंगती बसतात. रिअॅक्टरवर आम्ही दोघं मिळून चार्जिंग करतो, म्हणजे केमिकल आत सोडतो, एकाने व्हॉल्व सांभाळायचा एकाने टेंपरेचर बघून आवाज द्यायचा, आणि मागच्या आठवड्यात माझा जोडीदार आवाज देईना, नुसता हात करत होता. सॉल्व्हंटच्या प्लँटमध्ये हे चालत नाही, हे ज्याने काम केलंय त्याला सांगायला नको.

आणि पैशाचं. त्या उमेदवाराच्या सभेला माणसं न्यायला दोन टेंपो लागले, जेवण झालं, ते युनियनच्या खात्यातून गेलं असं कमिटीतलाच एकजण म्हणाला, हिशोबात ‘इतर खर्च’ म्हणून दाखवणार म्हणे. मी थोडं वाचलं. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याचं १६ वं कलम सरळ सांगायचं की राजकारणासाठी खर्च करायचा तर त्याचा फंड वेगळा, त्याची वर्गणी वेगळी, ती द्यायची सक्ती कुणावर करायची नाही आणि न देणाऱ्याला युनियनच्या कुठल्या फायद्यातून वगळायचं नाही. तो कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेत गेला पण वेगळ्या फंडाची अट तिथेही आहे. म्हणजे आमची महिन्याची वर्गणी अशी वापरताच येत नाही.

माझं म्हणणं एवढंच, अध्यक्षांनी स्वतःच्या नावाने कुणाचाही प्रचार करावा, तो त्यांचा हक्क. युनियनचं नाव आणि पैसा सभासदांच्या सभेत मत घेतल्याशिवाय वापरायचा नाही. तुम्हाला काय वाटतं?

लोटे_जुना
भाऊ, तू कुठल्या कंपनीतला ते कळलं मला, मी पण तिथलाच आणि कमिटीत पण आहे. तू नाव घेतलं नाहीस म्हणून मी पण घेत नाही.

आधी हे सांग की युनियन चालते कशावर? तू म्हणतोस स्वतंत्र. २ वर्षांपूर्वी रात्री डिस्टिलेशनला भडका उडाला, आपला माणूस छातीपर्यंत भाजला, आठव. कंपनीचा मॅनेजर म्हणत होता आधी इथल्या दवाखान्यात दाखवू, सकाळी बघू, कारण पोलिसात नोंद झाली की फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार. मी स्वतः गेटवर उभा राहून ज्या माणसाला फोन लावला तो हाच, ज्याचा फ्लेक्स तुला खुपतोय. पंधरा मिनिटांत मॅनेजरला फोन आला, कार्डियाक अँब्युलन्स आली आणि पोराला ऐरोलीच्या बर्न्स सेंटरला नेलं. आज तो पोरगा चालतोय, लग्न झालं त्याचं. त्या रात्री तुझा ठराव घेऊन मी कुणाकडे गेलो असतो?

दुसरं, तू संहिता वाचलीस तर पूर्ण वाच. आता संप करायचा तर १४ दिवस आधी नोटीस, सरकारी अधिकाऱ्यापुढे समेटाची बोलणी चालू असली की संप बेकायदा, आणि निम्म्या लोकांनी ठरवून एकाच दिवशी सुट्टी टाकली तर तो पण संपच धरतात. ज्या कारखान्यात ३०० पेक्षा कमी कामगार आहेत त्याला टाळं लावायला सरकारची परवानगी लागत नाही, पूर्वी हा आकडा १०० होता. आपण किती आहोत? ३०० नाही आहोत. उद्या मालकाने कंपनी गुजरातला हलवायची म्हटलं तर तुझ्याकडे काय हत्यार आहे? संपाची धार गेली, कोर्टात दहा वर्षं जातात, उरलं काय तर सत्तेत आपलं ऐकणारा एक माणूस. तो माणूस निवडणुकीत आपल्याकडे आला की मला मत हवंय, तेव्हा आम्ही काय सांगायचं, थांबा साहेब सभा घेतो?

टेंपोच्या पैशाचं मी इथे बोलणार नाही, ते ऑफिसात येऊन विचार.

कुडाळचो_फिटर
माका एक समजत नाय, ह्यो उमेदवार पाठिंबो मागूक इलो तेव्हा तुम्ही त्याच्याकडसून लिवान काय घेतलात? आमच्याकडे पण एका कंपनीत असोच पाठिंबो दिल्लो, निवडून इलो आणि करार रखडलो तेव्हा सायबाचो फोन पीए उचली, ‘साहेब मीटिंगमध्ये’. मतां अगोदर दिलास तर मागाहून कोण विचारता?

एसटीतला_माणूस
मी एसटीत वाहक होतो, रिटायर झालो. युनियन आणि राजकारण यावर आमच्याइतका अनुभव महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाला नसेल म्हणून लिहितो.

२०२१ चा संप सगळ्यांना आठवत असेल, ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झाला, मागणी एकच, एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण. मान्यताप्राप्त संघटनेने माघार घेतली तरी लोक ऐकले नाहीत कारण लोकांचा नेत्यांवरचा विश्वासच उडालेला. मग आझाद मैदानात आमदार आले, गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत, भाषणं जोरात. २४ नोव्हेंबरला तेव्हाचे परिवहनमंत्री अनिल परबांनी पगारवाढ जाहीर केली, दुसऱ्या दिवशी ते दोघे मैदानातून गेले आणि लोक तिथेच बसून राहिले. मग वकील गुणरत्न सदावर्तेंच्या मागे गेले. पुढे ८ एप्रिल २०२२ ला शरद पवारांच्या घरावर जमाव चालून गेला, त्यात गुन्हे कुणावर पडले तर कामगारांवर पण पडले. हायकोर्टाने २२ एप्रिलपर्यंत कामावर या म्हणून सांगितलं आणि लोक आले. विलीनीकरण झालं नाही. कोकणात त्या पाच-साडेपाच महिन्यांत वाडीवस्तीवरची पोरं शाळा-कॉलेजला कशी गेली ते ज्यांच्या गावात दुसरं वाहनच नाही त्यांना विचारा, आणि ड्रायव्हर-कंडक्टरच्या घरात उधारीवर चूल पेटत होती.

माझ्या डेपोत एकाच खोलीत राहणारे दोघं त्या संपानंतर बोलत नाहीत, एक लवकर कामावर गेला म्हणून.

आता दुसरी बाजू. सप्टेंबर २०२४ ला सगळ्या संघटना आपापले झेंडे बाजूला ठेवून कृती समितीत आल्या, ३ तारखेला गाड्या बंद, ४ तारखेला मुख्यमंत्र्यांनी मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ दिली, संप संपला आणि ७ तारखेच्या गणपतीला चाकरमानी गावाला पोचला. दोन दिवसांत. फरक काय तो बघा, एकात प्रत्येक पक्ष आमच्या खांद्यावर चढला, दुसऱ्यात आम्ही एक होतो आणि सरकारला आमच्याशी बोलायला लागलं. म्हणून मी धागाकर्त्याच्या बाजूने.

लोटे_जुना
काका मान आहे तुमच्या अनुभवाला, पण २०२४ चं उदाहरण तुम्ही माझ्या बाजूचं दिलंत. दोन दिवसांत पैसे का मिळाले? गणपती तीन दिवसांवर होता आणि विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला होती. सरकारला मतांची काळजी होती म्हणून मिळालं. म्हणजे राजकारणच केलंत की तुम्ही, फक्त त्याला राजकारण म्हणत नाही. जानेवारीत संप केला असता तर दोन दिवसांत मिळाले असते का, छातीवर हात ठेवून सांगा.

जगबुडीकाठचा
दादा, बरोबर, निवडणूक होती म्हणून मिळालं. पण तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. एसटीवाल्यांनी निवडणुकीच्या तोंडावर मागणी सगळ्यांसमोर ठेवली, आणि मतं? मतं ज्याची त्याच्याकडेच राहिली. तुम्ही मतं आधीच एकाला देऊन टाकली, मागणी कुठलीच लिहून घेतली नाही. कुडाळच्या भाऊंनी विचारलंय त्याचं उत्तर द्या ना, लिहून काय घेतलं? कंत्राटी पोरांना कायम करायचं, ईएसआयचा (कामगार विम्याचा) चांगला दवाखाना खेड-चिपळूणच्या पट्ट्यात, भाजण्यावरचा वॉर्ड जवळपास कुठेतरी जेणेकरून आपला माणूस रात्री मुंबई-गोवा हायवेने ऐरोलीला न्यावा लागणार नाही, यातलं एक तरी?

आणि त्या रात्रीचं. तुम्ही धावलात, मी स्वतः तुमचं नाव अजून चांगल्या शब्दात घेतो. पण जखमी कामगाराला दवाखान्यात पोचवणं हे कंपनीचं कर्तव्य, आणि मॅनेजर टाळत असेल तर लोकप्रतिनिधीने फोन करणं हे त्याचं काम आहे. उपकार म्हणून फेडायचं असेल तर तुम्ही आम्ही आपापल्या मताने फेडू, युनियन त्याच्या नावावर का करायची? समजा उद्या दुसरा निवडून आला, आणि रात्री पुन्हा भडका उडाला. तो फोन उचलेल का आपला? गेटवर कुणाचा फ्लेक्स होता ते त्याला माहीत आहे.

गिरणगावची_लेक
मी संगमेश्वरची, बाबा लालबागला गिरणीत होते, विव्हिंगला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी लहान होते, पण बाबा पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले आणि लावणीला उतरले ते आठवतं. मुंबईत संप चालू होता तो गावाकडच्या तांदळावर चालला हे फार कमी लोक सांगतात, अडीच लाख लोक संपावर आणि त्यातले केवढे तरी आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गचे, मनीऑर्डर बंद झाल्या आणि उलट इथून माणसाबरोबर पीठ-तांदूळ जायला लागले. आईच्या पाटल्या गेल्या. बाबा परत गिरणीत गेलेच नाहीत.

एका बाजूला तुम्ही म्हणता युनियनमध्ये पक्ष नको, एक बाजू म्हणते पक्षाशिवाय युनियन चालत नाही. गिरण्यांत काय झालं बघा. मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, तो काँग्रेसच्या बाजूचा, आणि मान्यता कशी तर १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने, एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन, मालकाने बोलायचं ते तिच्याशीच. कामगारांना ती नको होती पण बदलायची सोय अशी नव्हती की मतदान करून टाका एकदा. म्हणून लोक कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि पगाराबरोबरच मागणी होती की हा कायदाच रद्द करा. लढाई सुरू झाली ती बोनस-पगारावरून हे खरं, पण आमच्या बाबांना सगळ्यात जास्त राग होता तो याचा की आमच्या नावाने बोलणारा माणूस आम्ही निवडलेला नाही. सामंतांना लोकांनी १९८४ ला लोकसभेत पाठवलं, तरी गिरण्या वाचल्या नाहीत. म्हणजे खासदार आपला असला तरी वाचलं नाही, लोटे_जुना दादा, हे पण बघा.

तेव्हा माझं म्हणणं, पाठिंबा द्यायचा की नाही हा नंतरचा प्रश्न. कमिटी निवडली कशी जाते? हात वर करून? गेटवर सुपरवायझर बघत असताना? गुप्त मतदान घ्या, पाठिंब्यावर सुद्धा गुप्त मतदान घ्या, मग निकाल काय येईल तो सगळ्यांनी मानायचा. सभेत ठराव मांडून ‘मंजूर मंजूर’ ओरडणं याला मी मत घेणं म्हणत नाही.

राजापूरकर
मी रेल्वेतून निवृत्त, तेव्हा १९७४ च्या संपाबद्दल बोलणं भाग आहे. ८ मेला संप सुरू झाला, वीस दिवस चालला, पोलीस क्वार्टरमध्ये घुसले, बायकामुलांना बाहेर काढलं, हजारोंना कामावरून काढून टाकलं. १९७७ ला सरकार बदललं आणि रेल्वेमंत्री झाले आमच्या राजापूर मतदारसंघाचे मधु दंडवते. आल्या आल्या पहिल्या कामांतलं एक म्हणजे संपात काढलेल्यांना परत घेतलं, कारवाया मागे घेतल्या. ज्या घरांत तीन वर्षं पगार नव्हता त्या घरांत पगार सुरू झाला. राजकारणाशिवाय हे झालं असतं का? नाही. म्हणून ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्या तरुणांनी जरा इतिहास बघावा. कोकणाने नाथ पै आणि दंडवते दिल्लीत पाठवले, त्यांना कामगार म्हणजे काय हे कळत होतं, आणि त्याचा फायदा कामगारांना झाला.

जगबुडीकाठचा
काका, दंडवत्यांबद्दल दुमत नाहीच. फक्त त्या संपात समाजवाद्यांची, कम्युनिस्टांची, जनसंघाच्या बाजूच्या लोकांची, सगळ्यांच्या युनियन एकाच समन्वय समितीत होत्या ना? कुठल्याही एका पक्षाचा संप नव्हता तो, म्हणून तर एवढा पसरला. आणि दंडवत्यांनी परत घेताना काढलेला माणूस कुठल्या पक्षाचा हे विचारलं नव्हतं. मी राजकारण नको म्हणतच नाहीये, वर पुन्हा वाचा प्लीज. मी म्हणतोय युनियनने राजकारण करताना सभासदांना विचारावं.

राजापूरकर
वाचलं. पण विचारायला बसलात तर निवडणूक संपते, हा व्यवहार तुम्हाला अजून कळायचाय. नेतृत्व म्हणजे वेळ आली की निर्णय घेणं. चुकला तर पुढच्या वेळी पाडा त्यांना.

नवा_ऑपरेटर
सरळ बोलू का, या कमिटीकडून काही होणार नाही, दुसरी युनियन काढू. आमच्या प्लँटमधली ६०-७० पोरं तयार आहेत, रजिस्ट्रेशनला तेवढी पुरतात. उगाच यांच्या दारात अर्ज घेऊन कशाला जायचं, निवडणूक झाली की हेच परत म्हणणार आम्ही स्वतंत्र.

लोटे_जुना
काढा. पण आधी नियम समजून घ्या. नव्या संहितेत एका युनियनकडे ५१ टक्के सभासद असले तर मालकाने बोलायचं ते फक्त तिच्याशी. ५१ कुणाकडेच नसले की वाटाघाटी परिषद, त्यात दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. आज आपल्याकडे ५१ च्या वर आहेत. तुम्ही ६०-७० जण बाहेर पडलात की आम्ही खाली येतो आणि ५१ तुमच्याकडे पण होणार नाहीत. मग मार्चमध्ये पगाराचा करार संपल्यावर मागणीपत्र देणार कोण आणि मालक ऐकणार कुणाचं? एचआरवाला याच दिवसाची वाट बघतोय, तो तुम्हाला युनियन काढायला ऑफिसात चहा पण देईल. माझ्यावर राग काढा, युनियन फोडू नका. हे मी कमिटीचा म्हणून नाही, तीन करार मी बसून केलेत, मालक कधी नरमतो ते मला माहीत आहे.

जगबुडीकाठचा
या एका बाबतीत मी दादांबरोबर आहे, वेगळी युनियन नको. करार तोंडावर असताना फुटलो तर मागच्या करारातला डिफरन्स (पगारवाढीची थकबाकी) अजून काहींचा मिळालेला नाही तो पण बुडेल. नवा_ऑपरेटर, तुझा राग खरा आहे, पण कमिटी बदलायची असते, युनियन नाही.

नवा_ऑपरेटर
कमिटी बदलणार कशी? गेल्या वेळी फॉर्म भरायला गेलो तर म्हणाले मुदत कालच संपली. नोटीस लावली होती कुठे तर स्टोअरच्या मागच्या भिंतीवर. तुम्ही दोघं एकमेकांना दादा भाऊ म्हणत बसा.

खाडीवरची_माणसं
आम्ही दाभोळ खाडीवरचे भोई. तुमच्या एमआयडीसीच्या पाण्याने खाडीत मासे मरून वर येतात, किती वर्षं बोंबलतोय, नमुने नेतात, काही दिवस बरं असतं मग पुन्हा तेच. माझा भाचा तुमच्याकडेच कंपनीत आहे. युनियनला आम्ही एकदा भेटलो की तुम्ही कमिटी म्हणून एक पत्र द्या, आत काय सोडलं जातं ते तुम्हाला माहीत असतं, तर उत्तर मिळालं की आम्ही कामगारांचे प्रश्न बघतो, राजकारणात पडत नाही. आणि निवडणुकीत फ्लेक्स लावता. खाडीचा प्रश्न राजकारण आणि उमेदवाराचा पाठिंबा कामगारांचा प्रश्न, हे कुठल्या हिशोबाने?

लोटे_जुना
खाडीबद्दल तुमचा राग मान्य. पण पत्र दिलं आणि कंपनीला क्लोजर नोटीस, म्हणजे बंद करायची नोटीस, आली तर आमच्या चुली विझतात, तुमच्या भाच्याची पण. यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही, बसून बोलायला मी कधीही तयार आहे.

पॅकिंगवाला
मी कंत्राटी. सहा वर्षं पॅकिंगला आहे, दर काही महिन्यांनी ठेकेदाराचं नाव बदलतं आणि माझा गेटपास नवा होतो, म्हणजे कागदावर मी कायम नवीनच. ड्रम तेच उचलतो, पावडर तीच नाकात जाते, पगार कायम माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. बोनसच्या वेळी युनियनच्या ऑफिसबाहेर रांग लागते ती आम्ही लांबून बघतो.

एवढी चर्चा वाचली. एकाने म्हटलं सर्व सभासदांना विचारा. दुसरा म्हणतो ५१ टक्के सांभाळा. त्या टक्क्यांत आम्ही कुठे आहोत? आमची पावती तुम्ही फाडतच नाही, म्हणता ठेकेदाराचे लोक आहात. पण सभेला माणसं कमी पडली तेव्हा त्या टेंपोत कोण बसलं होतं ते जगबुडीकाठच्या दादांना माहीत नसेल, मी सांगतो, आम्ही बसलो होतो. ठेकेदाराने सांगितलं जा, हजेरी लावतो. हजेरी लागली नाही.

गिरणगावची_लेक
भाऊ, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. गिरण्यांत बदली कामगार होते, रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी आलं नाही तर काम. संपात तेही उतरले आणि भरपाईच्या याद्या झाल्या तेव्हा त्यांची नावं शोधायला कागद नव्हते. तुमचा गेटपास, पगाराची स्लिप, पीएफचा नंबर, मोबाइलवर फोटो काढून ठेवा सगळ्याचा, आजच. ठेकेदार बदलला तरी पीएफचा युएएन एकच राहतो, त्यात तुमची सहा वर्षं सलग दिसतात.

पॅकिंगवाला
युएएन आहे. मधले सात महिने भरलेच नाहीयेत त्याने.

एसटीतला_माणूस
मग तो पहिला मुद्दा घ्या रे सभेत, पाठिंबा-बिठिंबा नंतर. सात महिन्यांचा पीएफ बुडवणं हा गुन्हा आहे, आणि ठेकेदाराने नाही भरला तर मूळ मालकावर जबाबदारी येते. पीएफच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या, युनियनने दिली तर वजन पडतं.

जगबुडीकाठचा
ठीक आहे, आता कामाचं बोलू. आमच्या युनियनच्या घटनेत आहे की ठराविक सभासदांनी सह्या करून मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. सह्या सोमवारपासून घेतोय, प्रत्येक शिफ्ट सुटताना गेटबाहेरच्या वडापावच्या गाडीपाशी. विषय तीन लिहिलेत. निवडणुकीतला खर्च, पावत्यांसकट, कारण हिशोबाची वही सभासदाला बघू देणं ही घटनेत ठेवावीच लागणारी गोष्ट आहे, कुणाची मेहेरबानी नाही. दुसरं, इथून पुढे कुठल्याही उमेदवाराला युनियनच्या नावाने पाठिंबा द्यायचा तर गुप्त मतदान, चिठ्ठ्या टाकून, आणि त्याआधी सगळ्या उमेदवारांना आपलं मागणीपत्र लेखी द्यायचं. तिसरं आत्ता घातलं, कंत्राटी कामगारांना सभासद करून घ्यायचं आणि पीएफची तक्रार युनियनने करायची. नवा_ऑपरेटर, कमिटीच्या निवडणुकीची नोटीस कुठे लावायची ते पण यात घालतो, गेटवर आणि कँटीनमध्ये दोन्हीकडे.

लोटे_जुना दादा, तुम्ही सही कराल का?

लोटे_जुना
पहिल्यावर नाही करणार. हिशोब वार्षिक सभेत मांडतोच, आत्ता करार तोंडावर असताना काढलास तर मालकाच्या हातात कोलीत देशील. दुसऱ्यावर पण नाही. गुप्त मतदानात पाठिंब्याचा ठराव हरला तर उद्या कुठल्याच नेत्याच्या दारात मला उभं राहता येणार नाही, त्याला दिसेल आपल्यात किती फूट आहे ते. सभा बोलावलीस तर येईन आणि दोन्हीच्या विरोधात बोलेन, तोंडावर बोलेन, मागे नाही.

तिसऱ्यावर सही करतो. सेकंड शिफ्टला आहे, साडेदहाला सुटतो, कागद घेऊन थांब.

पॅकिंगवाला
आम्ही त्या सभेला येऊन बसू शकतो का? सभासद नसताना?

जगबुडीकाठचा
घटनेत त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, बघितलं मी. या तुम्ही. कुणी अडवलं तर मी दारात येतो.

नवा_ऑपरेटर
सोमवारी फर्स्टला मी पण थांबतो सह्यांना. माझ्या प्लँटमधली पोरं आणतो. पण महिनाभरात सभा लागली नाही तर मी रजिस्ट्रेशनचे कागद करणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.